चेंडूशिवायची ५७ मिनिटं

४ ऑगस्ट २०२४. रविवार आणि दिव्याची अवस. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला त्या दुपारी घराघरांत काय शिजत असतं ते सांगायला नको. आत वडे तळले जात होते, बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि पॅरिसला भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन, ऑलिंपिक हॉकीची उपांत्यपूर्व लढत चालली होती. वीज गेलेली. एका मोबाइलभोवती सहा डोकी.

१७व्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक ब्रिटिश खेळाडूच्या डोक्याला लागली आणि पंचांनी लाल कार्ड दाखवलं. आता उरलेला सगळा वेळ दहा जणांनी खेळायचं. थोरले काका उठले आणि म्हणाले, "संपला सगळा. धा जणांनी काय करूचा?" आणि ताट वाढायला सांगितलं.

संपलं मात्र नाही. दहा जणांनीच २२व्या मिनिटाला गोल केला, हरमनप्रीत सिंगने. पुढे ब्रिटनने बरोबरी साधली, पण त्यानंतर अख्खा दुसरा अर्ध डोकं आपटूनही त्यांना दुसरा गोल मिळाला नाही. १-१, आणि मग शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोल करायचा त्यात, भारत ४-२. मधेच आठवीतल्या पुतण्याने विचारलं, "आपले धा जणच रवले मां? मगे त्यांका गोल कित्याक गावत नाय?"

प्रश्न साधा आहे. पण मी त्याला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. 'आपल्यांनी जिद्दीने खेळ केला' असं काहीतरी बोललो. जिद्द ब्रिटनकडे नव्हती असं थोडंच आहे? नंतर बरंच पाहिलं, वाचलं, जुने सामने परत लावून बघितले. त्यातून जे हाताला लागलं ते इथे मांडतो. आमच्या गावात हॉकी कोणी खेळत नाही हे आधीच कबूल करतो. जांभ्याच्या सड्यावर हॉकीचा चेंडू कुठे उडेल ते देवही सांगू शकणार नाही. त्यामुळे मी समजावताना कबड्डी आणि रापण मधे मधे येणार, त्याला इलाज नाही.

पहिल्यांदा एक भागाकार करू. सामना ६० मिनिटांचा, १५ मिनिटांचे चार भाग. मैदानावर दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू आणि चेंडू एक. चेंडू एक सेकंदही मोकळा नसतो, सतत कोणाच्या ना कोणाच्या स्टिकवर असतो असं धरलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला ६० भागिले २२, म्हणजे पावणेतीन मिनिटंही येत नाहीत. उरलेली ५७ मिनिटं माणूस चेंडूशिवाय असतो.

आपण 'गुणवान खेळाडू' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ती पावणेतीन मिनिटं असतात. तीन जणांना चकवत घुसणं, उलट्या स्टिकने मारलेला फटका, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने गेलेला ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकवर ओढत आणून भिरकावलेला चेंडू. निवड त्यावर होते, टाळ्या त्यावर पडतात, बातमीतला फोटोही त्याचाच असतो. पण विजेता संघ आणि 'एवढे चांगले खेळाडू असून काहीच कसं जमत नाही' असा संघ, यांच्यातला फरक बघायचा असेल तर तो बहुतेक करून त्या ५७ मिनिटांत सापडतो.

त्या दुपारचंच घ्या. हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. पण गोल कुठूनही मारलेला चालत नाही. गोलसमोर अर्धगोलासारखी आखलेली जागा असते, तिला 'डी' म्हणतात, साधारण साडेचौदा मीटर त्रिज्येची. त्या डीच्या आत आक्रमकाची स्टिक चेंडूला लागली तरच गोल धरतात. म्हणजे दहा माणसांना पाच हजार चौरस मीटर राखायचे नव्हते. त्यांनी कडेची जागा ब्रिटनला मोकळी देऊन टाकली. घ्या, खेळा तिकडे. स्वतः मधे दाटून उभे राहिले आणि डीकडे जाणारे रस्ते तेवढे बंद ठेवले. चेंडू डावीकडून उजवीकडे गेला की दहाच्या दहा जण दोन-तीन पावलं उजवीकडे. परत आला की परत डावीकडे. ४३ मिनिटं हेच.

बघायला कंटाळवाणं असतं हे. पण यात एक जण जरी आळसावला तरी सगळी भिंत फुकट. आणि आळसावायला कारणं भरपूर असतात, कारण त्या सरकण्याचं फळ कधीच डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही योग्य जागी उभे असलात की समोरचा त्या बाजूला पासच देत नाही. केलेलं काम दिसत नाही, न केलेलं मात्र लगेच गोल होऊन दिसतं.

बचावाची दुसरी तऱ्हा याच्या उलट. समोरच्याच्या गोलजवळच त्याला गाठायचं आणि चेंडू बाहेर काढूच द्यायचा नाही. हॉकीवाले याला 'प्रेस' म्हणतात. काकांना हे समजावताना मी रापणीचा आधार घेतला, आणि नंतर लक्षात आलं की तो नुसता दृष्टान्त नाही, दोन्हीची रीत खरोखर एकच आहे.

रापण पाहिलेल्याला सांगायला नको, न पाहिलेल्यांसाठी सांगतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, समुद्रात अर्धवर्तुळ करत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि ओढायला सुरुवात होते. ओढता ओढता दोन्ही टोळ्या एकमेकींच्या दिशेने सरकत येतात आणि जाळ्याचं तोंड आवळत जातं. आता यात सगळ्यात ताकदवान माणूस कोण, याला जवळजवळ काही अर्थ नसतो. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या पाहिजेत. एक बाजू जोरात आली आणि दुसरी ढिली पडली की जाळं तिरकं होतं, खालचा दोर वाळूवरून उचलला जातो आणि म्हावरं खालून निघून जातं. एकट्याने जोर केला तर फायदा राहिला बाजूला, नुकसानच होतं.

प्रेसचं तंतोतंत हेच. समोरच्या बचावपटूकडे चेंडू आला की आपला पहिला आघाडीपटू त्याच्यावर धावतो, पण सरळ नाही. तो बाक घेऊन धावतो, म्हणजे समोरच्याला एकाच बाजूला चेंडू खेळता यावा. दुसरा त्या बाजूचा आतला पास बंद करतो. तिसरा लांबच्या पासवर डोळा ठेवतो. मधली फळी दहा-पंधरा मीटर वर सरकते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. सगळे वेळेवर आले तर समोरचा गडबडतो आणि चेंडू त्याच्याच गोलजवळ आपल्याला मिळतो. एक जण दोन पावलं उशिरा आला तर चेंडू त्या फटीतून बाहेर पडतो, आणि आपले चार-पाच खेळाडू चेंडूच्या मागे, नुसते बघत उभे. म्हणजे अर्धवट प्रेस हा प्रेस न करण्यापेक्षा वाईट.

गुणवान संघात ती दोन पावलं कोणाची उशिरा पडतात? बहुधा सगळ्यात चांगल्या खेळाडूचीच. तो आळशी असतो असं नाही. लहानपणापासून त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. शाळेत, जिल्ह्याला, राज्याला तो चेंडू मिळाल्यावर सामना फिरवायचा, आणि मधल्या वेळात दम घ्यायला मोकळा असायचा. त्याची ती मुभा त्याच्या गुणातूनच आलेली असते. आणि असे अकरा जण एकत्र केले की अकरा मुभा एकत्र होतात.

बर्फावरच्या हॉकीत याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. आपल्याला तो खेळ परका आहे, तरी थोडक्यात सांगतो. गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात, आणि वेग इतका की पाऊण-एक मिनिट खेळून बाहेर यायचं, दुसऱ्यांनी आत जायचं. उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये डेट्रॉइटचा स्टीव्ह आयझरमन हा मोठा खेळाडू. १९८८-८९च्या हंगामात त्याने ६५ गोल केले आणि ९० गोलांना हात लावला, एकूण १५५ गुण. तरी डेट्रॉइटकडे करंडक नाही, १९५५पासून नाहीच. १९९३मध्ये स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी याच माणसाला बचावासाठी मागे यायला लावलं. आयझरमनचे आकडे पुन्हा कधी १५५च्या जवळपासही गेले नाहीत. पण १९९७, १९९८ आणि २००२ असे तीन करंडक डेट्रॉइटला मिळाले, आणि २०००मध्ये आयझरमनला बचावात सर्वोत्तम आघाडीपटू म्हणून पुरस्कारही मिळाला. एवढा मोठा माणूस मागे धावत येतोय म्हटल्यावर बाकीच्यांना बसून राहायला तोंड राहत नाही. मला वाटतं, त्या धावण्यापेक्षाही याचा परिणाम जास्त.

आता बाकावरच्यांकडे वळू. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतो, फुटबॉलसारखं एकदा बाहेर तो बाहेर असं नाही. आघाडीवाले काही मिनिटं जीव तोडून धावतात, बाहेर येतात, पाणी पितात, परत जातात. त्यामुळे अकरा हा आकडा फसवा आहे. ऑलिंपिकमध्ये १६ जणांचा संघ असतो आणि चौदावा-पंधरावा खेळाडूही मैदानावर चांगला वेळ काढतो. तो आत असताना रापणीचा दोर ढिला पडत असेल तर पहिल्या पाचांच्या गुणांचं काय करायचं?

याबाबतीत टॅम्पा बे या बर्फावरच्या संघाची गोष्ट मला फार आवडते. २०१८-१९च्या हंगामात त्यांनी ८२पैकी ६२ सामने जिंकले. मग बाद फेरीत पहिल्याच संघाशी, कोलंबसशी गाठ पडली. पहिल्या सामन्यात ३-० पुढे होते, तो ४-३ हरले. मग पुढचे तिन्ही हरले आणि मालिका ०-४. आपल्याकडे असं झालं असतं तर पुतळे जाळले असते. त्यांनी मुख्य खेळाडू तसेच ठेवले, प्रशिक्षकही तोच ठेवला. आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो असे दोन खेळाडू घेतले, ज्यांची नावं आपण सोडा, तिकडच्याही पुष्कळ लोकांच्या तोंडी नव्हती. हे दोघे गोलांसाठी प्रसिद्ध नव्हते. अंगावर घ्यायचं, पाठलाग करायचा, चेंडूऐवजी असणारी ती रबरी चकती कोपऱ्यातून उकरून काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी संघाने पहिल्या फेरीतले निवडीचे हक्क देऊन टाकले, म्हणजे भविष्यातले दोन तरुण गुणवान खेळाडू. तेव्हा हा सौदा महागातला वाटला होता. २०२० आणि २०२१, दोन्ही करंडक टॅम्पाकडे.

ही दोन उदाहरणं वाचून कोणाला वाटेल की गुण नसलेलेच बरे. तसं नाही. टॅम्पाकडे ते गोल करणारे होतेच. गुण नसेल तर तुम्ही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचतच नाही, मग 'का हरलो' हा प्रश्नच उरत नाही.

मी स्वतः कबड्डी खेळायचो. चांगला नव्हतो, उजवा मध्यरक्षक, पण साखळी बरी धरायचो. वीसेक वर्षांपूर्वी शिमग्याच्या वेळी आमच्या मंडळाने एका स्पर्धेसाठी मुंबईकर झालेले तीन चढाईपटू बोलावून घेतले. तिघेही आमच्याच गावचे, तिघेही जबरदस्त. मध्यंतराला आठ गुणांनी पुढे. समोर बाजूच्या वाडीची पोरं, रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात एकत्र खेळणारी, नाव घ्यावा असा एकही नाही. मध्यंतरानंतर आमच्यावर लोण चढला. लोण कोणावरही चढतो. पण त्यानंतर आम्ही जे केलं ते बघण्यासारखं होतं. पहिला चढाईला गेला तो एकदम तीन गुण आणायला गेला आणि पडला. दुसरा त्याची भरपाई करायला गेला, तोही पडला. मी ज्याचा हात धरून उभा होतो तो सोडून एकटाच घुसलो आणि गुण देऊन आलो. प्रत्येक जण सामना एकट्याने वाचवायला निघाला होता. वाडीची पोरं मात्र पहिल्या मिनिटाला खेळत होती तशीच शेवटच्या मिनिटालाही खेळली. पाच गुणांनी हरलो. काका अजून मला त्या घुसण्यावरून बोलतात.

मार खाल्ल्यावर संघ काय करतो, हे म्हणूनच मी फार बारकाईने बघतो. २०२३च्या विश्वचषकात, भुवनेश्वर आणि राऊरकेला इथे, जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध ०-२ मागे होता. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२. अंतिम फेरीत बेल्जियमविरुद्धही ०-२. तिन्ही जिंकले, त्यातले दोन शूटआउटमध्ये. ते सामने परत बघाल तर एक गोष्ट जाणवेल. दोन गोल खाल्ल्यावर जर्मनी काही वेगळं करत नाही. तेच पास, तीच सरकासरक, तोच दाब. हीच गोष्ट भारताने टोकियो ऑलिंपिकमध्ये केली. साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून १-७ मार खाल्ला आणि पुढचे चार सामने जिंकले. शेवटी कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ मागे पडून ५-४. ४१ वर्षांनी पदक.

त्या सामन्याची शेवटची सहा-सात सेकंदं आठवत असतील. जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी. गोलरेषेच्या मागे भारताचे गोलरक्षक धरून फक्त पाच जण, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. गोलरक्षक श्रीजेशने चेंडू अडवला आणि घरोघरी आरडाओरडा झाला.

आता त्याच्या शेजारी सिडनी ठेवा. २००० साल, भारत विरुद्ध पोलंड. जिंकलो की उपांत्य फेरी. संघात धनराज पिल्ले, आपल्या खडकीचा, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला, चेंडू घेऊन निघाला की मैदान श्वास रोखून धरायचं असा. १-० पुढे होतो. दोनेक मिनिटं बाकी असताना पोलंडने गोल केला, १-१, उपांत्य फेरी गेली आणि आपण सातवे आलो. कोणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. पण एक गोलची आघाडी आणि दोन मिनिटं शिल्लक असताना काय करायचं, हे ऐन वेळी सुचत नसतं. चेंडू कोणाकडे ठेवायचा, कोणत्या कोपऱ्यात न्यायचा, कोणी पुढे जायचंच नाही, हे शंभर वेळा घोटलेलं असावं लागतं. त्या वेळी छाती धडधडत असते आणि मेंदू बधिर झालेला असतो, माणूस सवयीने वागतो. ज्याची सवय पुढे धावायची, तो पुढेच धावणार.

आणि सवय लागायला वेळ लागतो, तोच आपण देत नव्हतो. २००१मध्ये होबार्टला भारताने ज्युनियर विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ असं धुतलं. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग. जगाने हेवा करावा असा गुणांचा ढीग. तीन वर्षांनी अथेन्सला काय झालं? पुन्हा सातवे. जुगराजचा मोटारीचा अपघात झाला हे दुर्दैव. पण ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर प्रशिक्षक बदलला गेला, याला दुर्दैव म्हणता येणार नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते हे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. आज कुठलं आख्यान लावायचं ते त्या संध्याकाळी ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या रंगमंचावर होतात. तरी ते रात्रभर कोसळत नाही. कारण राजाची भूमिका करणाऱ्याला समोरच्या राक्षसाचा श्वास माहीत असतो, हा आता थांबणार, हा आता गाण्यावर जाणार. वर्षानुवर्षं एकाच कंपनीत खेळल्याचं ते फळ. ऐन जत्रेत तीन नट आणि पेटीवाला बदलून बघा.

बेल्जियमने ही गोष्ट ओळखली असावी. २००८मध्ये बीजिंगला ते खेळले ते १९७६नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये. मग तीच पोरं एकत्र वाढत गेली. २०१२ला पाचवे, २०१६ला रौप्य, २०१८ला विश्वविजेते, टोकियोला सुवर्ण. त्या सुवर्णाच्या वेळी बेल्जियमचा सहायक प्रशिक्षक होता क्रेग फुल्टन, जो पुढे भारताचा प्रशिक्षक झाला. लाल कार्डानंतर ४३ मिनिटं शिस्तीत सरकणारी ती भिंत कुठून आली हे यावरून थोडं लक्षात येईल. 'आधी गोल खायचा नाही, मग बघू' ही त्याची रीत आपल्या जुन्या चाहत्यांना आवडत नाही. मलाही कधी कधी आवडत नाही. पण आठ सुवर्णांपैकी शेवटचं १९८०चं आहे, आणि २००८ला आपण पात्रसुद्धा ठरलो नव्हतो, हेही विसरून चालत नाही.

इथवर वाचून सगळं कसं चोख बसतंय असं वाटत असेल, तर मीच थोडी खीळ घालतो. निकाल लागल्यावर कारणं सांगणं सोपं असतं. जिंकलेल्याची शिस्त आठवते, हरलेल्याची विसरली जाते. पॅरिसला तेच शिस्तीचे बेल्जियन उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून हरले. बर्फावर बॉस्टनने २०२२-२३मध्ये ६५ सामने जिंकून विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना मालिका घालवली. सगळे म्हणाले, यांच्यात दम नाही. पण त्याच फ्लोरिडाने पुढे २०२४ आणि २०२५चे करंडक जिंकले. म्हणजे बॉस्टन कच्चा नव्हता, समोरचा पक्का होता, आणि ते आधी कोणाला दिसलं नव्हतं.

नशीब किती असतं याचा हिशेब घालता येतो. समजा तुमचा संघ इतका चांगला आहे की कोणाशीही खेळला तरी जिंकण्याची शक्यता ६० टक्के. बाद फेरीचे तीन सामने ओळीने जिंकण्याची शक्यता किती? ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे २२ टक्क्यांच्या आत. सगळ्यांत चांगला संघ पाचातल्या चार वेळा सुवर्ण न घेता घरी येणार. आता तीच शक्यता प्रेस, बाकावरची फळी, शेवटची दोन मिनिटं वगैरे घोटून ७० टक्क्यांवर नेली तर तिन्ही जिंकण्याची शक्यता ३४ टक्के होते. एका सामन्यात दहा टक्क्यांचा फरक टीव्हीवर कळणारही नाही. स्पर्धेच्या पातळीवर तो दीडपट होतो. तरीही तीनातल्या दोन वेळा हातात काही नाही.

हापूसची बाग ज्याच्याकडे आहे त्याला हे पटकन पटेल. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस आला की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून एका हंगामाच्या पेट्या मोजून कोणी बागेची किंमत करत नाही. सात-आठ वर्षांचं बघतात, झाडाची छाटणी, खत, फवारणी बघतात. संघाचंही तसंच बघावं. एका ऑलिंपिकचं पदक हा पुरावा थोडा कच्चाच. टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन कांस्यपदकं हा जरा बरा पुरावा.

पुतण्याला हे सगळं मी दोन दिवसांनी सांगितलं, ६ ऑगस्टच्या रात्री. जर्मनीविरुद्धची उपांत्य फेरी सुरू व्हायला रात्रीचे साडेदहा वाजणार होते आणि तेवढा वेळ काढायचा होता. श्रावण लागलेला, जेवण वरण-भात आणि अळूची भाजी. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी काय बघायचं ते खास सांगितलं. सगळ्यांचे डोळे चेंडू मारणाऱ्याकडे असतात, पण तू गोलरेषेतून सुसाट सुटणाऱ्या पहिल्या माणसाकडे बघ. तो सरळ ड्रॅग फ्लिकच्या तोंडावर धावतो. चेंडू गुडघ्यावर, छातीवर घेतो. चेंडू अडला नाही तरी मारणाऱ्याचा कोन बिघडतो आणि गोलरक्षकाला अर्धी जागाच सांभाळायची राहते. सामन्यात असे आठ-दहा प्रसंग आले तरी त्याचं नाव कोणी घेत नाही. काका आरामखुर्चीत डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले.

सामना सुरू झाला, हरमनप्रीतने गोल केला, मग जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मारायला गोन्झालो पेयात, जो २०१६ला अर्जेंटिनाकडून सुवर्ण जिंकला होता आणि आता जर्मनीकडून खेळत होता. चेंडू आत गेला, १-१. पुढे तो सामना आपण २-३ असा हरलो. पण त्या पहिल्या गोलनंतर सगळे हळहळत असताना काका खुर्चीतून पुढे वाकले आणि गोलरेषेकडे बोट दाखवत म्हणाले, "आपलो तो पयलो धावणारो खंय? ह्यो तो न्हय."

तो नव्हताच. आपला पहिला धावणारा अमित रोहिदास होता आणि लाल कार्डामुळे त्याच्यावर त्या सामन्याची बंदी होती.